प्रवाळाचें नित्यकर्म

घरांत कांचेची पेटी ठेवून तींत सोनेरी मासे सोडण्याचा छंद आपल्याकडे आतां नवा राहिलेला नाहीं. सीताबर्डीवरील कित्येक दिवाणखान्यांत अशी पेटी दिसते, आणि शाळेंतून आलेलीं मुलें दप्तर टाकण्यापूर्वीं तिच्यापाशीं जाऊन उभीं राहतात. परंतु या छंदाची पुढची पायरी म्हणजे खाऱ्या पाण्याची पेटी आणि तींत वाढणारें जिवंत प्रवाळ. निळ्या उजेडांत डोलणारीं जांभळीं-हिरवीं प्रवाळें मोबाइलच्या पडद्यावर पाहून कॉलेजांत जाणाऱ्या मुलांना त्यांचा मोह पडतो, आणि मग घरांत चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, शिकवण्या करून पैसे मी साठविले आहेत. वडील म्हणतात, विजेचें बिल कोण भरणार? आजी विचारतात, अरे, तो दगड आहे कीं झाड? हे सारेच प्रश्न योग्य आहेत. पण आमच्या मतें आजींचा प्रश्न सर्वांत आधीं घेतला पाहिजे. वस्तु काय आहे हें समजल्यावांचून ती कशी सांभाळावी हें समजत नाहीं.

संस्कृतांत विद्रुम आणि प्रवाल अशीं दोन नांवें प्रसिद्ध आहेत. पहिल्यांत द्रुम म्हणजे वृक्ष दडलेला आहे. दुसऱ्याचा अर्थ कोंवळा अंकुर असाही होतो. नांव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वनस्पतीचें रूप होतें, हें उघड आहे. युरोपांतही अठराव्या शतकांत बहुतेक विद्वानांचा तोच समज होता. मार्सेय येथील ज्यां आंद्रे पेसोनेल या वैद्यानें १७२० नंतरच्या दशकांत असें प्रतिपादन केलें कीं, लोक ज्यांना प्रवाळाचीं फुलें म्हणतात ते वस्तुतः लहान प्राणी होत. पॅरिसच्या विद्वत्सभेंत तें मानलें गेलें नाहीं. रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञानें तर बिचाऱ्याचें हसें होऊं नये म्हणून त्याचें नांवही उघड केलें नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं पेसोनेलचेंच म्हणणें खरें ठरलें.

आज आपणांस ठाऊक आहे तें असें. पोटाची एक पिशवी, तिला एक तोंड, आणि तोंडाभोंवतीं डंख मारणाऱ्या सोंडांचें कडें, एवढाच हा इवलासा प्राणी. त्यास पॉलिप म्हणतात. अश्मप्रवाळाचे पॉलिप समुद्राच्या पाण्यांतला चुना घेऊन आपल्या बुडाखालीं दगडी घर बांधतात, आणि अशा सहस्रावधि घरांची मिळून एक वसाहत होते. शिवाय उष्ण समुद्रांत खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें राहतात. तीं उजेडांत अन्न तयार करतात आणि त्यांतला मोठा वांटा आपल्या यजमानास देतात. तेव्हां आजींना उत्तर द्यावयाचें तें असें: त्यांत झाड आहे, त्याखालीं दगड आहे, आणि या दोहोंच्या मधोमध एक जिवंत प्राणी आहे. झाड आणि दगड डोळ्यांस दिसतात; प्राणी मात्र विसरला जातो. आमचें पुढील सर्व विवेचन त्या विसरल्या जाणाऱ्या प्राण्याविषयीं आहे.

मीमांसकांनीं कर्माचे भेद सांगितले आहेत. नित्य म्हणजे रोज करावयाचें, नैमित्तिक म्हणजे प्रसंग आला असतां करावयाचें, काम्य म्हणजे इच्छेनें करावयाचें, आणि निषिद्ध म्हणजे करूंच नये असें. प्रवाळ पाळूं पाहणारा तरुण बहुधा काम्यापासून आरंभ करतो. दुकानांत जातो आणि डोळ्यांस आवडेल तें घेऊन येतो. आमचें सांगणें असें कीं, हा क्रम उलटा धरावा. आधीं निषिद्ध जाणावें, मग नित्य साधावें, नैमित्तिकाची तयारी ठेवावी, आणि काम्य सर्वांच्या शेवटीं.

निषिद्ध काय तें सरकारनें स्पष्ट सांगितलें आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम हा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचींत, जेथें वाघाचें नांव आहे तेथेंच, २००१ सालीं प्रवाळांचा समावेश झाला. खडक बांधणारीं सर्व अश्मप्रवाळें, काळीं प्रवाळें, अग्निप्रवाळें आणि समुद्रपंखे यांना आज वाघाइतकेंच संरक्षण आहे. आपल्या समुद्रांतून तीं काढणें, विकणें, विकत घेणें हा अपराध आहे, आणि त्यास तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. प्रवाळ जिवंत असो वा त्याचा वाळलेला सांगाडा असो, कायदा दोन्हींस लागू आहे. म्हणून यात्रेकरूंनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. रामेश्वराजवळ मन्नारच्या आखातांत आणि द्वारकेजवळ कच्छच्या आखातांत, म्हणजे आपल्या दोन धामांच्या शेजारींच, देशांतल्या चार मोठ्या प्रवाळक्षेत्रांपैकीं दोन आहेत. तेथील किनाऱ्यावर पांढरा शुभ्र जाळीदार तुकडा दिसला तर त्यास नमस्कार करून तेथेंच ठेवावा. दिवाणखान्यांतल्या कपाटासाठीं आणूं नये. अंगठींतलें पोवळें भूमध्य समुद्रांतल्या तांबड्या प्रवाळाच्या सांगाड्याचें असतें; तें निराळें, त्याची आणि या विषयाची गल्लत करूं नये.

कायदा कागदावरच आहे असें कोणास वाटत असेल, तर मुंबईचें उदाहरण पाहावें. तेथील सागरी किनारा रस्त्याच्या कामांत वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळांच्या १८ लहान वसाहती आढळल्या. कोट्यवधि रुपयांचें तें काम. तरीही त्या अठरा वसाहतींसाठीं वन्यजीव विभागाची परवानगी काढावी लागली, आणि २०२० सालीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्या अलगद उचलून दुसऱ्या जागीं बसविल्या. एवढ्या मोठ्या कामाला जी मुभा नाहीं ती दिवाणखान्यांतल्या पेटीला कोठून असणार?

मग पाळण्यास उरतें काय? ज्यांना दगडी सांगाडा नसतो अशीं कांहीं मऊ प्रवाळें आहेत. छत्रीसारखीं चपटीं, चामड्यासारखीं जाड, किंवा मुठी उघडझांप करीत हलणारीं अशीं त्यांचीं रूपें असतात. तीं पेटींतच तुकडे करून वाढवितां येतात, आणि त्यांसाठीं समुद्रास हात लावावा लागत नाहीं. परंतु तेथेंही तीन प्रश्न विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. हें नेमकें कोणतें प्रवाळ? तें कोठें वाढलें? त्याचा कागद कोठें आहे? १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें, आंतरराष्ट्रीय करारानें ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे अशा जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यानें त्यांची नोंदणी केली पाहिजे, असेंही ठरलें आहे. विक्रेता 'कागदाचें काय एवढें' असें म्हणूं लागला कीं पायांत चपला घालाव्या. नागपूरकरांना तर सबबच नाहीं. राज्याच्या वन विभागाचें मुख्य कार्यालय सिव्हिल लाइन्समध्यें, सीताबर्डीपासून हाकेच्या अंतरावर आहे. शंका असेल तर तेथें जाऊन विचारावें.

आतां नित्यकर्म. प्रवाळ पाळणें म्हणजे खरोखर पाणी पाळणें होय. समुद्र एवढा मोठा आहे कीं त्याचें पाणी एका दिवसांत बदलत नाहीं; म्हणून त्यांत राहणाऱ्या प्राण्याला बदल सोसण्याची संवय नाहीं. आपल्या पेटींत मात्र दीडशें लिटर पाणी, आणि तें वैशाखांतल्या नागपुरांत. सारी अडचण येथें आहे.

पहिली गोष्ट पाण्याची शुद्धता. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें आणि विरघळलेले इतर क्षारही असतात. तें गाळणीच्या यंत्रांतून आणि त्यापुढें क्षार शोषून घेणाऱ्या राळेंतून काढून, मापकावर शून्य दिसेपर्यंत शुद्ध करावें. घरांतल्या पिण्याच्या पाण्याच्या यंत्रानें बहुधा तेवढें शून्य येत नाहीं, मोजून पाहावें. मग त्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत सागरी मीठ मिसळावें, म्हणजे दीडशें लिटरला सव्वापांच किलो. हें मीठ स्वयंपाकघरांतलें नव्हे. त्यांत चुना, मॅग्नेशियम इत्यादि द्रव्यें समुद्रांतल्या प्रमाणांत घातलेलीं असतात, आणि तें त्यासाठींच विकत मिळतें.

येथें आमच्या वाचकभगिनींना एक सूचना. हें पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यांत कधींही घेऊं नये. पिण्याचें पाणी तांब्याच्या हंड्यांत ठेवण्याची आपली रीत उत्तम आहे. परंतु जें तांबें आपणांस चालतें त्याचा लवलेशही प्रवाळास, शिंपल्यास आणि कोळंबीस मारक होतो. पेटीसाठीं प्लॅस्टिकची बादली आणि मग निराळे ठेवावे आणि त्यांस दुसऱ्या कामास लावूं नये. आपल्या घरीं सोंवळ्याचीं भांडीं निराळीं ठेवण्याची शिस्त असेल तर हें मुळींच जड जाणार नाहीं.

दुसरी गोष्ट खारटपणाची. समजा, उन्हाळ्यांत पेटींतून रोज तीन लिटर पाण्याची वाफ होते. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. पांच दिवसांत पंधरा लिटर, म्हणजे दहावा हिस्सा पाणी गेलें, तर लिटरमागें ३५ ग्रॅम असलेलें मीठ ३९ ग्रॅमच्या घरांत जातें. वरून पाहणाऱ्यास पेटी दोन बोटें रिकामी दिसते एवढेंच. आंत राहणाऱ्यास समुद्र बदललेला असतो. म्हणून रोज सकाळीं कांचेवरच्या खुणेपर्यंत पाणी भरावें, आणि तें साधें शुद्ध पाणी असावें, खारें नव्हे. खारें पाणी भरणारा रोज मिठांत भर घालीत असतो. खारटपणा मोजण्याचें लहानसें उपकरण मिळतें; तें आठवड्यांतून दोनदां तरी वापरावें. आणि दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास पेटींतलें दहाव्या हिश्श्याइतकें पाणी काढून नवें खारें पाणी घालावें.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि नागपुरांत हीच सर्वांत कठीण. प्रवाळास २५ ते २६ अंश मानवतात. नेहमीच्या उन्हाळी तपमानाहून एक-दोन अंशांची वाढ कांहीं आठवडे टिकली कीं तें आपल्या शरीरांतलीं शैवालें बाहेर टाकतें. रंग जातो, आंतला पांढरा सांगाडा दिसूं लागतो, आणि अन्न देणारे गेल्यामुळें प्राणी उपाशी पडतो. वेळीं पाणी थंड झालें तर शैवालें परत येतात. न झालें तर प्रवाळ मरतें. १९९८, २०१० आणि २०१६ सालीं लक्षद्वीपच्या समुद्रांत हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें, आणि २०२४ सालीं पुन्हां घडलें. अथांग समुद्रास जें सोसत नाहीं तें ४५ अंशांच्या गांवांत पेटींतल्या पाण्यास सोसावें लागणार, हें ध्यानांत घ्यावें. पाण्यावर पंखा सोडला तर आपल्या खसाच्या कूलरच्या न्यायानें तें दोन-तीन अंश उतरतें. परंतु त्यानें वाफ वाढते आणि श्रावणांतल्या दमट हवेंत त्याचा गुण पडत नाहीं. तेव्हां पाणी थंड करणारें यंत्र, किंवा रात्रंदिवस वातानुकूल असलेली खोली, यांवांचून नागपुरांत प्रवाळाचा संकल्प सोडूं नये. वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर हेंच आहे. पेटीची किंमत थोडी. तिला बारा महिने थंड ठेवण्याची किंमत मोठी. तो खर्च आधीं मांडावा आणि मगच कांच विकत घ्यावी.

पेटी तळमजल्यावर, आंतल्या खोलींत, पश्चिमेच्या उन्हापासून व फोडणीच्या धुरापासून दूर ठेवावी. दीडशें लिटर पाण्याचेंच वजन दीडशें किलोंहून अधिक. जुन्या वाड्याच्या माडीवर तें चढवूं नये. आंत सच्छिद्र असे कृत्रिम खडक घालावे. समुद्रांतून काढलेला खडक हाही बहुधा प्रवाळच असतो, म्हणून तोही निषिद्धांत गेला. मग चार ते सहा आठवडे पेटी तशीच चालूं द्यावी. या काळांत खडकाच्या छिद्रांत सूक्ष्म जंतु वस्ती करतात. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारा अमोनिया विषारी असतो; एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात, आणि तें पुष्कळ सौम्य असतें. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत पेटींत कोणताही जीव सोडणें म्हणजे त्यास विषांत सोडणें होय.

या गोष्टी यंत्रांच्या युगांतच साध्य झाल्या असें मात्र नाहीं. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या बाईंनीं इंग्लंडच्या टॉर्की या समुद्रकांठच्या गांवाहून जिवंत प्रवाळें लंडनमधील आपल्या घरीं आणलीं. तेव्हां ना पंप होता, ना वीज. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे, आणि हें काम रोज पाऊण तासापर्यंत चाले. तीं थंड समुद्रांतलीं प्रवाळें होतीं, हें खरें. पण तीं जगलीं तीं कोणाच्या तरी रोजच्या श्रमावर. आज तें काम पंप करतो. पंपाकडे रोज पाहण्याचें काम मात्र मनुष्याकडेच राहिलें आहे.

म्हणून पेटीचा यजमान कोण, हें घरांत सर्वांसमक्ष ठरवावें. एकत्र कुटुंबाला येथें मोठी सोय आहे. घरास कुलूप क्वचितच लागतें. परंतु जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, हाही एकत्र कुटुंबाचाच अनुभव आहे. मुलगा परीक्षा देऊन पुण्यास नोकरीला जाणार, हें आज दिसत असतां पेटी त्याच्या एकट्याच्या नांवावर ठेवणें म्हणजे दोन वर्षांनीं ती काकूंच्या गळ्यांत टाकणें होय. काकूंना विचारावें. त्यांनीं मनापासून होकार दिला तर त्यांना सर्व कृति शिकवावी, आणि सकाळच्या पाण्याची, उष्णतेची व खारटपणाची नोंद करण्यासाठीं एक वही पेटीशेजारीं टांगावी. होकार नसेल तर बेत तेथेंच सोडावा. मऊ प्रवाळें तुकड्यांतून पुन्हां पुन्हां वाढतात. पेटी नीट राहिली तर तीं मुलाच्या शिक्षणापेक्षां पुष्कळ अधिक काळ घरांत राहतील.

नैमित्तिकांत पहिलें निमित्त वीज जाण्याचें. पंप थांबला कीं पाण्यांतला प्राणवायु उतरूं लागतो. म्हणून विजेच्या सांठ्यावर चालणारा लहान हवापंप तयार ठेवावा आणि तो चालतो कीं नाहीं हें महिन्यांतून एकदां पाहावें. दुसरें निमित्त लग्नकार्याचें. सारें घर चार दिवस बाहेरगांवीं जाणार असेल तर शेजाऱ्यांना नुसतें 'लक्ष ठेवा' म्हणूं नये. वही दाखवून पाणी कोणतें व किती घालावें तें हातानें करवून घ्यावें. तिसरें निमित्त मुलांच्या हातांचें. बटणासारखीं दिसणारीं, झोअँथिड नांवाचीं कांहीं प्रवाळें अत्यंत सुंदर दिसतात. परंतु त्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें भयंकर विष असतें. तीं बसलेला दगड उकळल्यामुळें वाफेनें घरचीं माणसें आजारी पडल्याचीं उदाहरणें परदेशांत नमूद आहेत. रांगतें मूल असलेल्या घरांत तीं आणूंच नयेत, आणि कोणत्याही पेटींतला दगड चुलीवर चढवूं नये.

आतां काम्य. आमची सूचना अशी कीं, पेटी सुरू झाल्यापासून एक संपूर्ण वर्ष, म्हणजे एका वैशाखापासून दुसऱ्या वैशाखापर्यंत, तींत प्रवाळ घालूं नये. खडक, पाणी आणि पेटींतच पैदास झालेले दोन लहान समुद्रमासे एवढाच संसार ठेवावा. वर्षअखेर वही उघडून बसावें. उन्हाळ्यांत पाणी किती वेळां २८ अंशांवर गेलें? खारटपणा किती दिवस चुकला? कोणत्या महिन्यांत नोंदीच नाहींत? वहीचें उत्तर निर्मळ असेल, तर कागदपत्रांसह एकच मऊ प्रवाळ आणावें. त्यास रोज आठ-दहा तास निळसर उजेड द्यावा, मध्यम प्रवाहांत बसवावें, आणि तीन महिने दुसरें आणूं नये. त्याचे पॉलिप रोज उघडतात, बाजूस नवा अंकुर दिसतो, एवढी त्याची पावती पुरे.

आणि वहीचें उत्तर निर्मळ नसेल तर? तर एकही प्रवाळ न मारतां आपलें घर काय करूं शकतें आणि काय करूं शकत नाहीं, हें आपणांस कळलें. हा तोटा नव्हे. मासे जाणत्या हातांत द्यावे आणि त्याच पेटींत गोडें पाणी भरावें. प्रवाळ पाहण्याची इच्छा राहिलीच असेल, तर साठविलेल्या पैशांतून मुलांना मालवणास न्यावें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत, १९८७ सालीं संरक्षित झालेल्या सागरी अभयारण्यांत, महाराजांनीं बांधलेल्या तटाजवळच प्रवाळांनीं बांधलेले खडक आहेत. समुद्र निवळलेल्या दिवसांत जाणत्या वाटाड्याबरोबर तोंडाला कांच लावून पाण्यावर तरंगत ते पाहतां येतात. पाय खडकास लावूं नये, हातानें कांहीं उचलूं नये. तेथें पाणी बदलावें लागत नाहीं, वीज जात नाहीं, आणि काकूंनाही कोणाची वही लिहावी लागत नाहीं.